बँकेत लागलास, पण खुर्ची कुठाय?

आमच्याकडे ‘बँकेत लागला’ एवढ्या दोन शब्दांत अख्खं आयुष्य येतं. दहा ते साडेपाचची वेळ, काचेआडची खुर्ची, एलटीसी, कमी व्याजाचं घरकर्ज आणि चालून येणारी स्थळं. माझं नेमणूकपत्र आलं तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले ते याच हिशेबानं. पत्रावर हुद्दा होता ‘सेल्स ऑफिसर, लायबिलिटीज’. घरच्यांनी त्यातलं ‘ऑफिसर’ वाचलं. ‘सेल्स’कडे कुणी पाहिलं नाही आणि ‘लायबिलिटीज’ म्हणजे काय, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

बँक खाजगी, शाखा सांगलीतली. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून सव्वानऊला हजर झालो. काउंटरवरच्या मॅडमनी एकदा माझ्या टायकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सेल्सचे का? तुमचे सर वर बसतात.” वर म्हणजे माळ्यावर, जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांशेजारी. तिथं नऊ माणसं होती आणि चार खुर्च्या. मी बसायला जागा शोधतोय हे सरांच्या लक्षात आलं. “इथं बसायचं नसतं,” ते म्हणाले. “गाडी आणलीयस ना? पेट्रोल टाक आणि निघ.”

चार वर्षं मी ते काम केलं. त्या नोकरीत शिरू पाहणाऱ्या पोरांना मी जे सांगतो ते या प्रकरणात आहे.

आधी त्या ‘लायबिलिटीज’चं. बँकेची भाषा आपल्या उलट चालते. आपण बँकेत ठेवलेला पैसा आपली पुंजी असतो. बँकेला तो कधीतरी परत द्यायचा असतो, म्हणून तिच्या वहीत ते देणं, म्हणजे लायबिलिटी. आपण घेतलेलं कर्ज आपल्या मानेवरचं ओझं. बँकेचा मात्र तो ॲसेट. म्हणून खाती आणि ठेवी आणणारे लायबिलिटीवाले आणि घर, गाडी, धंद्याची कर्जं विकणारे ॲसेटवाले. तिसरा कारभार थर्ड पार्टीचा: विमा आणि म्युच्युअल फंड, म्हणजे माल दुसऱ्याचा, दुकान आपलं. जाहिरातीत तिन्हींना ‘बँकिंग करिअर’च म्हणतात, पण दिवस तिघांचे वेगळे जातात. ॲसेटवाल्याचं वर्ष बिल्डरच्या साइटवर, गाड्यांच्या शोरूममध्ये आणि सीएंच्या ऑफिसबाहेर सरतं. त्याची फाईल आधी लॉगिन होते, मग सँक्शन, मग डिस्बर्समेंट, आणि आकडा धरला जातो तो शेवटच्या पायरीवर. मंजूर झालेलं कर्ज गिऱ्हाइकानं ‘दुसरीकडे पाव टक्का कमी मिळतंय’ म्हणून सोडलं, की महिन्याभराच्या खेपा वाया. लायबिलिटीवाल्याला रोज नवं दार. आरएमला, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरला, निदान तयार खातेदारांची यादी मिळते. मुलाखतीत पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. यातलं नेमकं कुठलं काम माझ्या वाट्याला येणार, हे विचारा.

दारोदार जाऊन ठेवी गोळा करणं हा काही खाजगी बँकांचा शोध नाही. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं, तेव्हाच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं, १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली. त्यामागे टी. एम. ए. पै होते. एजंट रोज दाराशी यायचा आणि दोन आण्यांपासून पैसे जमा करून घ्यायचा. आपल्याकडच्या पतसंस्थांनी आणि सहकारी बँकांनी ही पद्धत उचलली, आणि आजही तालुक्याच्या कुठल्याही पेठेत दिवेलागणीला पिग्मीवाला छोटं मशीन घेऊन या दुकानातून त्या दुकानात जाताना दिसतो. मी त्याला आमच्या धंद्याचा मूळ पुरुष मानतो. फरक इतकाच, की तो वीस वर्षं त्याच पंचवीस दुकानांत जातो.

पुढे १९६९ला १४ आणि १९८०ला आणखी ६ बँका सरकारच्या झाल्या. शाखा गावोगाव पोचल्या, आणि गिऱ्हाइकानंच बँकेकडे यायचं, रांग लावायची, असा रिवाज पडला. तो मोडला नव्या खाजगी बँकांनी. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर जानेवारी १९९३मध्ये रिझर्व्ह बँकेनं परवान्यांची दारं उघडली आणि एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, यूटीआय बँक (आजची ॲक्सिस) अशी नावं पुढच्या दोन-तीन वर्षांत बाजारात आली. यांच्याकडे ना गावोगावच्या शाखा, ना पिढीजात खातेदार. मग माणसं रस्त्यावर उतरवली. २००० साली विमा क्षेत्र खुलं झालं आणि बँका विमा कंपन्यांच्या एजंट बनल्या. हल्ली तर सरकारी बँकेच्या काउंटरवरच्या कारकुनालाही पॉलिसींचं टारगेट असतं. त्यामुळे ‘सेल्स नको, म्हणून सरकारी बँकेची परीक्षा देतो’ असं म्हणणाऱ्यांची मला थोडी कीव येते.

बँकेला खात्यांची इतकी हाव का, हे एकदा आकड्यात बघून ठेवा. एरवी वरिष्ठ रोज सकाळी ‘कासा, कासा’ करून का ओरडतात ते कळत नाही. कासा म्हणजे करंट आणि सेव्हिंग खात्यांतली शिल्लक. मुदत ठेवीवर बँक साडेसहा टक्के व्याज देत असेल, तर १ लाखावर वर्षाला ६,५०० रुपये जातात. तोच लाख बचत खात्यात पडून राहिला आणि व्याज अडीच टक्के असेल, तर २,५००. चालू खात्यावर तर व्याज द्यायचंच नसतं. म्हणजे तेच लाख रुपये, पण गिऱ्हाइकानं ते कुठल्या कप्प्यात ठेवले यावर बँकेचे ४,००० ते ६,५०० वाचतात. व्यापाऱ्याच्या चालू खात्यासाठी बँका एकमेकींच्या उरावर बसतात त्या यासाठी. आणि एफडी आणून दिलीत तरी सरांचा चेहरा खुलत नाही, तोही यासाठीच.

आता दिवस कसा जातो ते.

सव्वानऊला हडल. गोल उभं राहून प्रत्येकानं काल काय आणलं आणि आज काय आणणार हे सांगायचं. काल काही आणलं नसेल तर सगळ्यांदेखत ऐकून घ्यायचं. दहाला बाहेर. दुपारी कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर डबा. सहाला परत, फॉर्म तपासायचे, अपुरी कागदपत्रं मागायला फोन, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते, ही सोय २०१५पासूनची. सेल्समध्ये त्या शनिवारी हाऊसिंग सोसायटीत छत्री लावून कॅम्प असतो, कारण लोक त्या दिवशी घरी सापडतात. महिन्याचे पहिले दहा दिवस संथ, शेवटचे पाच दिवस जीवघेणे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तिमाहीला आमच्यात जेएफएम म्हणतात आणि त्या काळात सख्ख्या बहिणीचं लग्न निघालं तरी सर तोंड वाकडं करतात.

माझ्या वाट्याला मार्केट यार्ड आलं. पहिल्याच आठवड्यात मी हळदीचे सौदे चालू असताना एका अडत दुकानात शिरलो. बाहेर पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ, माझा पांढरा शर्ट कोपरापर्यंत हळदुला. शेठ गादीवर, शेजारी दिवाणजी वहीत डोकं घालून. ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे मी चाळीस सेकंदांत सगळं म्हणून दाखवलं: करंट अकाउंट, फ्री कॅश डिपॉझिट, फ्री चेकबुक, क्यूआर. शेठनी मान वर केली नाही.

“बस. च्या घे.”

चहा आला, प्यालो. मग ते म्हणाले, “श्रावणात एक पोरगा आलता. दिवाळीत दुसरा. दोघंबी तुझ्याच बँकेचे. आता फोन लावला तर एक गाड्या विकतोय आन् एक उचलतच न्हाई. तू किती दिवस हाईस?”

माझ्या ट्रेनिंगच्या वहीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तिथं ‘व्याजदर कमी आहे’, ‘माझं दुसऱ्या बँकेत आहे’, ‘नंतर या’ या सगळ्यांची उत्तरं होती. पण व्यापारी खातं बँकेत काढतो आणि अडचणीला हाक मारतो माणसाला, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दर मंगळवारी, सौदे उरकल्यावर, तिथं जाऊ लागलो. विकायला नाही, नुसता चहा. तिसऱ्या महिन्यात शेठचा फोन आला. पुतण्याच्या किराणा दुकानातलं पैसे आल्याचं सांगणारं यंत्र “बोलंना झालंय”. यंत्र आमच्या बँकेचं नव्हतंच, भलत्याच कंपनीचं होतं. मी जाऊन बघितलं, त्यातल्या सिमचं रिचार्ज संपलं होतं. दहा मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात शेठनी दिवाणजीला सांगून जीएसटीचं प्रमाणपत्र आणि दुकानाचा परवाना माझ्यापुढे ठेवला. त्या खात्यामागून यार्डातली आणखी चार आली. यातला एकही तास माझ्या डेली रिपोर्टमध्ये बसत नव्हता, त्यासाठी रकानाच नव्हता. ते चार महिने मी हडलमध्ये बोलणी खातच होतो. नव्या माणसानं निदान सहा महिने घर चालेल एवढी तजवीज करूनच या कामात यावं, असं मी म्हणतो ते यामुळे. पहिल्या तिमाहीत हातात काही लागत नाही आणि नेमक्या त्याच तिमाहीवर प्रोबेशनचा निकाल असतो.

पैशाचं बोलायचं तर नेमणूकपत्रावर सीटीसी ३ लाख ६० हजार दिसला की पोरं महिना ३० हजार धरून चालतात. पण त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, गट विम्याचा हप्ता असतो, काही ठिकाणी ‘व्हेरिएबल’सुद्धा त्यातच घातलेलं असतं. मग तुमचा स्वतःचा पीएफ कापला जातो. हातात किती पडणार, हे लेखी मागून घ्या. पेट्रोलचंही त्याच वेळी विचारा. काही ठिकाणी ते पगारातच ‘धरलेलं’ असतं आणि यार्ड, कुपवाड, मिरज अशी रोजची फेरी तुमच्या खिशातून होते.

इन्सेंटिव्हची चिठ्ठी तर नीट, दोनदा वाचावी. समजा टारगेट वीस खात्यांचं आहे आणि ८० टक्क्यांपर्यंत पोचल्याशिवाय इन्सेंटिव्ह नाही. तुम्ही पंधरा आणलीत, मिळाले शून्य. सोळावं आणलंत की सोळाही खात्यांचे पैसे. महिन्याच्या तीस तारखेला मामाचं, मेहुण्याचं, जिममधल्या मित्राचं खातं उघडलं जातं ते या सोळाव्यापायी. पण तीन महिन्यांनी त्या खात्यात सरासरी शिल्लक राहिली नाही की दिलेले पैसे पुढच्या महिन्यात वळते करून घेतात. विम्याचंही तसंच. गिऱ्हाइकानं पॉलिसी परत केली, की तुमचं इन्सेंटिव्ह परत. म्हणून पगाराच्या दिवशी हातात आलेलं इन्सेंटिव्ह माझ्या हिशेबी तीन महिने आपलं नसतं. त्यावर मोबाईलचा हप्ता बांधू नये.

नेमणूकपत्राच्या तळाशी शिक्का कोणाचा आहे, हेही बघायला हवं. गळ्यातल्या पट्ट्यावर बँकेचं नाव आणि पगार मात्र भलत्याच मनुष्यबळ कंपनीचा, असं सर्रास असतं. आमच्यात त्याला ऑफ-रोल म्हणतात. ते काम वाईट असतं असं नाही. मी स्वतः दीड वर्ष ऑफ-रोलच होतो. पण अनुभवाच्या दाखल्यावर बँकेचं नाव येणार नाही, कर्मचाऱ्याचं सवलतीचं कर्ज मिळणार नाही, आणि ‘वर्षभरात ऑन-रोल करू’ हे वाक्य तोंडीच राहील. पिग्मी एजंटांना नोकर म्हणायचं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि २००१ साली ते कामगारच आहेत असा निकाल लागला. ‘बँकेचा माणूस’ नेमका कोण, हे कोडं तेव्हापासूनचं. आणखी एक, म्हणजे रुजू करून घेण्याआधी बँका उमेदवाराचाही सिबिल स्कोअर बघतात. कॉलेजात घेतलेल्या मोबाईलचे हप्ते बुडवले असतील तर आधी ते मिटवा.

विमा आणि फंड विकायचे तर परीक्षा द्याव्या लागतात. म्युच्युअल फंडासाठी एनआयएसएमची मालिका पाच-अ: शंभर प्रश्न, दोन तास, पास व्हायला ५० टक्के, आणि प्रमाणपत्र तीन वर्षांपुरतं. विम्यासाठी ठरावीक प्रशिक्षण आणि परीक्षा असते, त्यानंतर बँकेच्या वतीनं विकायचा अधिकार तुमच्या नावावर येतो. दोन्ही परीक्षा अवघड नाहीत, पंधरा दिवसांचा अभ्यास पुरतो. खरी कसोटी पास झाल्यावर लागते. पास न झालेला सहकारी तुमच्या कोडवर पॉलिसी टाकायला मागतो, सरही ‘टाकू दे की’ म्हणतात. त्या पॉलिसीत पुढे काही वाकडं निघालं, तर कागदावर विक्रेता तुम्ही असता.

इथं मी जरा थांबतो, कारण या नोकरीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू एक रबरी शिक्का आहे, आणि मुलाखतीत त्याचा उल्लेख कुणी करत नाही. त्यावर ‘ओएसव्ही’ अशी अक्षरं असतात. अर्थ असा, की या झेरॉक्सची मूळ प्रत मी डोळ्यांनी पाहिली आणि पडताळली. खाली तुमचं नाव, एम्प्लॉयी कोड, सही, तारीख. दिवसाला वीस-तीस वेळा तो उमटतो आणि महिन्याभरात हात आपोआप चालायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मूळ पॅन घरी राहिलंय, झेरॉक्स आहे की’, आणि तुम्ही शिक्का मारता.

एकदा कॉलेजच्या वयाची चार पोरं सेव्हिंग खाती काढायला आली. चौघांचा भाड्याच्या खोलीचा पत्ता एकच. नोकरी कुठं, तर एकमेकांकडे बघतात. बाहेर बुलेटवर एक माणूस बसलेला, आणि फॉर्मवर मोबाईल नंबर लिहायची वेळ आली की एक जण बाहेर जाऊन विचारून येई. महिन्याची एकोणतीस तारीख, मला चार खाती कमी होती. मी फॉर्म भरून घेतले नाहीत. सर दोन दिवस बोलले नाहीत. पुढे तशी काही खाती शहरात दुसरीकडे उघडली गेली आणि त्यांतून सायबर ठगीचे पैसे फिरले, तेव्हा पोलिसांनी आधी खातेदारांना बोलावलं आणि मग प्रत्येक फॉर्मवर शिक्का मारणाऱ्याला. भाड्यानं दिलेली ही खाती, ज्यांना म्यूल अकाउंट म्हणतात, बहुतेक वेळा टारगेटच्या घाईतच आत शिरतात. बँक बदलली, शहर बदललं, तरी त्या झेरॉक्सवर तुमची सही राहते. मी मात्र तो एकच प्रसंग नीट निभावला म्हणून कॉलर ताठ करणार नाही. ‘मूळ प्रत घरी आहे’वाल्यांच्या कागदांवर मीही शिक्के मारलेत आणि पुढचे कित्येक महिने अनोळखी नंबरवरून फोन आला की पोटात गोळा यायचा.

दुसरी घसरण विम्याची. माणूस आत येतो मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला, बहुधा निवृत्त शिक्षक किंवा पेन्शनर विधवा. हातात पिकलेली ५ लाखांची एफडी. त्यांना ‘एफडीपेक्षा जास्त मिळेल’ असं सांगून पॉलिसी दिली जाते. हप्ता एकदाच भरायचा, असा त्यांचा समज होतो. खरं तर तो दरवर्षी भरायचा असतो. पहिल्या वर्षाचं कमिशन घसघशीत, पुढच्या वर्षांचं तुटपुंजं, त्यामुळे विकणाऱ्याला पुढच्या वर्षाची फिकीर नसते. विम्याच्या धंद्यात दुसरा वार्षिक हप्ता आला की नाही हे मोजण्याला ‘तेराव्या महिन्याचं’ गणित म्हणतात. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण ज्यानं रचली त्याला बँकअशुरन्स, म्हणजे बँकेतली विमाविक्री, माहीत नव्हतं, पण त्या पेन्शनर बाईंच्या घरी जेव्हा दुसऱ्या हप्त्याची नोटीस येते तेव्हा ती म्हण शब्दशः खरी ठरते.

यावर नियम नाहीत असं नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. आधी ही मुदत सर्वसाधारणपणे १५ दिवसांची होती, २०२४पासून ती ३० झाली. आपल्या कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देऊन पॉलिसी गळ्यात मारणं हा विमा कायद्याच्या ४१व्या कलमाखाली गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. विमा कंपनीनं बँकेच्या कर्मचाऱ्याला परस्पर बक्षीस द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दिशाभूल करून विमा किंवा फंड विकल्याची तक्रार २०१७पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते. ‘लॉकर हवा तर पॉलिसी घ्या’ हे वाक्य तर कुठल्याच नियमात बसत नाही. लॉकरसाठी शाखेनं प्रतीक्षायादी ठेवायची असते आणि फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढी मुदत ठेव मागता येते. हे सगळं तुम्हाला ट्रेनिंगमध्ये एका स्लाइडवर दाखवतील आणि सकाळच्या हडलमध्ये कुणी त्याचं नाव काढणार नाही.

आपल्याकडेच हे असं चालतं असंही समजू नका. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एकेका गिऱ्हाइकाला आठ-आठ सेवा विकायचा आग्रह होता. टारगेटखाली दबलेल्या कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावावर लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६मध्ये प्रकरण फुटलं तेव्हा बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि त्याआधीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचारी काढून टाकल्याचं बाहेर आलं. मुख्याधिकारी जॉन स्टम्फ महिन्याभरानं गेले. काढलेले ते हजारो, बहुतेक करून, खालच्या फळीतले होते. वरून टारगेट आलं याचा कागद कुणाकडे नसतो. खाली सही केल्याचा मात्र असतो.

मग विकावं काय? मी एक युक्ती पुढे पुढे वापरत असे. बचत खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा मिळतो, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा, जीवन ज्योती. माझ्या स्कोअरकार्डवर या दोन्हींना किंमत जवळजवळ नव्हती. पण यार्डातल्या हमालांचे फॉर्म मी भरून दिले, आणि एका हमालाचा मुकादम मला स्वतःहून तीन अडत्यांकडे घेऊन गेला.

मुलींनी या नोकरीबद्दल आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, कारण आमच्या टीममधल्या दोघींचे हाल मी पाहिलेत. वाट्याला आलेल्या भागात दिवसभरात स्वच्छतागृह कुठं आहे, आणि संध्याकाळी सातनंतरची ‘गिऱ्हाइकाला घरी भेटा’ ही मागणी नाकारली तर रेटिंगवर परिणाम होतो का. यार्डात पहिल्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. त्या दोघी दुपारी एकला शाखेत परत यायच्या आणि सर त्याला ‘टाइमपास’ म्हणायचे. एकीनं सहा महिन्यांत सोडलं. ती माझ्यापेक्षा चांगली विकायची.

दोन-तीन वर्षं टिकलात तर वाटा फुटतात. आरएम व्हाल, टीम मिळेल, किंवा बँकेच्या नोकरीत असताना जेएआयआयबीची परीक्षा देऊन क्रेडिटकडे, ऑपरेशन्सकडे सरकता येईल. माझ्याबरोबरचा एक जण गृहकर्जाच्या फाईली इतक्या वाचून बसलाय की वकिलानं सर्च रिपोर्टमध्ये सोडलेली चूक तो सातबारा बघून काढतो. ते ज्ञान कुठल्याही एमबीएत मिळत नाही. आणि सोडून निघालात तर गिऱ्हाइकांची यादी मोबाईलमध्ये घेऊन जाऊ नका; ती बँकेची नाही आणि तुमचीही नाही, त्या लोकांची आहे. ज्यांना तुम्ही हवे असाल, ते नंबर शोधून काढतात. हळदवाल्या शेठचा मला अजून फोन येतो, एफडी पिकली की.

तुमच्या हातात आत्ता असं नेमणूकपत्र असेल तर उत्तर द्यायला दोन दिवस मागून घ्या. त्यातला एक दिवस त्याच शाखेतल्या एखाद्या सेल्स ऑफिसरच्या गाडीवर मागं बसून फिरा. चहा पाजलात तर बहुतेक जण नेतात. हडलला त्याच्या शेजारी उभे राहा, दुपारचा डबा तो खाईल तिथं खा, आणि संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर तो रिपोर्ट टाकत असताना त्याला इतकंच विचारा, की गेल्या वर्षी तुझ्याबरोबर लागलेले आज किती उरलेत. तो जो आकडा सांगेल तो ऐकून मग सही करा.